बद्द

नोटीस आठ दिवस आधी जाते. तसा नियमच आहे.
म्हणून मी पोचते तेव्हा फिनेलचा वास
माझ्याआधीच दारात येऊन उभा असतो.

कसबा बावड्याच्या रस्त्याला, पेट्रोल पंपामागे,
चोवीस खाटांचं शुश्रूषागृह.
व्यवस्थापक इंगवले. हातात फाइल, कपाळाला घाम,
"मॅडम, आधी चहा घेऊ या."
चहा नंतर, म्हणते मी, आणि अर्ज उघडते:
रकाने त्रेसष्ट.

बेल खाटेपर्यंत येते का? हो.
दाबल्यावर कोण येतं? हा रकाना नाही.
न्हाणीत धरायला दांडी? हो, कालची,
सिमेंट अजून ओलं. धरू नका, असं मालन मावशी
डोळ्यांनीच सांगते.
चादरी स्वच्छ? हो,
इतक्या नव्या, की सात नंबरच्या आक्काताईंच्या पायाशी
किमतीचं लेबल तसंच.
त्या ते नखाने खरवडत बसल्यात,
आज तेवढंच काम दिल्यासारख्या.

अकरा नंबरला भूपाल मगदूम.
उद्यमनगरात एकतीस वर्षं,
एकाच फौंड्रीत, मालाच्या तपासणीला.
"म्हंजे मीबी इन्स्पेक्टरच की,"
आणि खुर्ची नाही म्हणून पाय आखडून
खाटेवर मला जागा करून देतात.

"गेजनं माप कळतंय, पोरी.
आतली चीर न्हाई कळत.
तिला हातोडी मारायची हळूच,
आन कान द्यायचा.
चांगला माल घंटेवानी बोलतोय.
चिरलेला, बद्द."

मग बोटाच्या पेराने खाटेची दांडी: ठण्ण.
"पास."
उशाचा तांब्या: खणखणीत.
"पास. पर पाणी न्हाई त्यात."
मग भिंत.
छातीएवढ्या उंचीवर, नव्या पिवळ्या रंगाखालून
पुराची रेघ अजून दिसते.
तिच्याखाली तीन टिचक्या.
बद्द. बद्द. बद्द.

चालता न येणारे सगळे खालच्या मजल्यावर.
"सोयीचं पडतं," इंगवले म्हणतात.
आणि पाणी आलं तेव्हा?
"खाटांवर खाटा चढवल्या. मग होडी आली."
किती वेळाने, ते कुणी सांगत नाही.
मालन खिडकी पुसते, पुसलेलीच.

पाठ बघू, म्हणते मी मगदूमांना.
ते इंगवल्यांकडे बघतात. मग हसून,
"सांगून आलेल्याला पाठ दावायची न्हाई."

पेन 'समाधानकारक'वर थांबलं.
खोटं कशाला सांगू, थांबलं
आणि खूण करून पुढे गेलं.
शेरा: भिंतीत ओल.
चहा घेतला. साखर जास्त होती.

पुढल्या मंगळवारी रजा टाकून,
पहाटे साडेपाचला, दूधवाल्याच्या मागोमाग
मी बिननोटिशीची आत शिरले.
चादरी जुन्या. न्हाणीतली दांडी उखडून कोपऱ्यात.
चोवीस जणांना मालन एकटी, हातात बादली.
दचकली नाही. नुसतं म्हणाली,
"आलासा? धरा जरा हिकडनं."

मी धरलं. मगदूमांना आम्ही कुशीवर वळवलं.
कमरेखाली जखम,
कडा काळ्या, मधे ओली.
ते भिंतीकडे तोंड करून, दात आवळून,
"माप घे."

टेप नव्हती. बोट लावलं.
दोन पेरं लांब, दीड रुंद.
खोली बोटाने घेववेना.

"घेतलंस? मग लिही की."

अर्जही नव्हता जवळ.
दुधाच्या बिलाच्या पाठीमागे लिहिलं.