पासंग

शहापुरात माझं काट्यांचं दुकान.
काटे म्हणजे तराजू. टोचणारे नव्हेत.

रिकामा तराजू उचलून धरला
आणि एक पारडं जरासं खाली गेलं
की गिऱ्हाईक म्हणतं, काटा खोटा आहे.
खोटा नसतो. वापरातला असतो.
वर्षानुवर्षं त्याच पारड्यात गूळ तोलला,
तळाला पापुद्रा बसला,
धुतला तरी थोडा उरतोच.
त्याला पासंग म्हणतात.

माझाही आहे. कुठल्या बाजूला
ते गल्लीला ठाऊक आहे.
वडील एकवीस दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आले
आणि तिथल्या भाकरीबद्दल मरेपर्यंत बोलत राहिले,
सीमेबद्दल त्या मानानं कमी.
दर निवडणुकीला समितीचं चिन्ह बदलायचं.
ते आठ दिवस आधी पाठ करायचे,
परीक्षेला बसल्यासारखे.

मी कुणाचा सभासद नाही.
पावती नाही, उपरणं नाही,
मोर्चा दुकानावरून गेला तर शटर अर्धं ओढतो
आणि आत उभा राहून
घोषणेचा दुसरा अर्धा भाग पुटपुटतो.
तो आपोआप येतो. त्याला मी काय करू?

म्हणून निवडणुकीत माझ्याकडे कुणी येत नाही.
बाकीचे म्हणतात, तो त्यांचाच.
समितीवाले म्हणतात, तो आपलाच की.
नारायण बेडरे गल्लीच्या तोंडाशी येऊन हात हलवतो
आणि चहाला पलीकडे हुद्दारांकडे जातो.
हुद्दार कधीच नक्की नसतात.
त्यांच्या दारातला रस्ता दोनदा झाला.

एका खेपेस एकाच घोषणेचे दोन उमेदवार उभे राहिले,
दोघेही माझ्याच वडिलांचं नाव घेत.
त्या वर्षी मी पाण्याला मत दिलं.
म्हणजे ज्यानं नळाला पाणी आणलं, त्याला.
घरी येऊन फोटोकडे पाठ करून जेवलो.
चुकलो असं वाटलं नाही.
पण पाणी जरा जास्तच प्यालो.

सोमवारी सुळेभावीची निंगव्वा आली,
भाजीचा तराजू पदरात गुंडाळून.
म्हणाली, याचं मन एकीकडंच जातंय बघा, अण्णा.
मी म्हटलं, आम्ही याला कल म्हणतो.
मतमोजणीला टीव्हीवर सांगतात ना,
कल हाती येत आहेत.
ती म्हणाली, आमच्यात ओलवु.
आणि प्रेमाला काय म्हणता?
त्यालाबी ओलवुच की.
हसली. मग मजुरी कमी करा म्हणाली.

पासंग घालवायला पारडं घासता येतं,
पण घासून घासून ते पातळ होतं,
मग त्यात काहीच तोलवत नाही.
अशी माणसं मी पाहिली आहेत. फार निःपक्षपाती.
मी हलक्या बाजूला काहीतरी बांधतो,
चिंचोका, भोकाचा पैसा, चिंधीची गाठ.

उद्या मतदान आहे.
चिठ्ठीवर माझं नाव कन्नडात आलंय, परशराम नागोजी मंडोळकर.
मला वाचता येतं,
हे मी नारायणला अजून सांगितलेलं नाही.
मराठी शाळेत, जिथं मी उजळणी म्हटली
त्याच वर्गात, पुठ्ठ्याच्या आडोशामागं,
आधी स्वतःला रिकामं उचलून बघीन.
किती झुकतंय ते बघीन.
तेवढं दुसऱ्या बाजूला बांधीन,
नळाचं पाणी, निंगव्वाचा शब्द,
बेंगळुरात दिवसभर कन्नड बोलणारी
आणि रात्री मला फोनवर मराठीत रागावणारी लेक.
मग माल टाकीन.
एवढं करूनही पारडं नेहमीच्याच बाजूला गेलं
तर तो पासंग नव्हे,
ते वजन.

चिठ्ठी सात सेकंद काचेमागं दिसते, मग पडते.
बाहेर नारायण असेल. लांबूनच हात हलवील.
या खेपेस मी हाक मारणार आहे,
चहाला ये की रे.
फक्त बघून ये,
आमच्या दारात रस्ता नाही.