दोन्ही वेळेला

प्रश्न अकरावा :
‘दुसऱ्याचं रडणं पाहून मला काहीच वाटत नाही.’
बरोबर / थोडंफार / चूक.

नरहरी बिटला खूण करतो, पेन परत देतो
टोपण लावून.
ओपीडीतला पंखा गरम हवा ढवळतोय,
बेचाळीस अंश, आणि याच्या कपाळावर एक थेंब नाही.
झोप? लागते. भूक? लागते.
वाईट वाटतं का कशाचं?
‘कशाचं, मॅडम?’
खरंच माहिती हवी असल्यासारखा विचारतो.

काल याच खुर्चीत धाकटा होता, राजेशम.
त्यालाही पडले जवळजवळ तेवढेच गुण.
पण मनगटावर ब्लेडच्या रेघा;
रात्री तीनला अशोक चौकातून चालत सुटतो,
दिसेल त्याच्याशी भांडण उकरतो,
आणि घरी येऊन चादरीत तोंड खुपसून हमसतो.

बेरीज सारखीच.
बेरजेवर माझा विश्वास नाही.

माझे वडील जकार्डची कार्डं ठोकायचे,
साखर पेठेत, पत्र्याखाली.
मी विचारायचे, यातलं मोराचं भोक कुठलं?
एका भोकात मोर नसतो गं, म्हणायचे,
शेजारचं बघ. त्याच्या शेजारचं बघ.

न भिण्याशेजारी गाढ झोप : एक नक्षी.
उतावीळपणाशेजारी दारू, धडधड,
मरून जावंसं वाटणं : वेगळीच.
अहवालात मी हे जरा सभ्य भाषेत लिहिते.

त्यांची आई आली, बोटांना तंबाखूचा वास.
‘मोटा चांगला हाय.
कारखान्यात पोराचा हात पट्ट्यात गेला,
समदे वरडत हुबे.
ह्यानंच बटण बंद केलं, हात सोडवला,
रिक्षात घातलं.’
मग गप्प.
मग, मी न विचारता :
‘माजा फंड. एक्केचाळीस हजार.
मी तापात हुते, माजा अंगठा धरून
ह्यानंच उटवला कागदावर.
हात थरथरला नाय त्याचा.’

कुठल्या वेळेला?

विडीच्या पानाकडं बघावं तसं तिनं माझ्याकडं पाहिलं,
कात्री कुठून घालायची ते ठरवत.
‘दोनी येळेला.’

जाताना नरहरी धाकट्याच्या गोळ्या मागून घेतो,
वेळा पाठ म्हणून दाखवतो :
सकाळी अर्धी, रात्री एक, जेवणानंतर.
‘तो झोपला की घर शांत राहतं, मॅडम.’

दार आवाज न करता लावतो.
मी पेन धरून बसते, वडील पंच धरायचे तशी,
भोक कुठं ठोकायचं, कळत नाही.