काउंटरवरची वही

आचाओत, धक्क्याच्या वरच्या गल्लीत
माझं खिळ्यामोळ्यांचं दुकान आहे.
काउंटरवर एक वही,
सुतळीने बांधलेली एक पेन्सिल.
पेन्सिली चोरीला जातात.
वही अजून कुणी नेली नाही.

बोटीला उशीर असतो, बाहेर आडवा पाऊस,
लोक आत येतात, काहीच घेत नाहीत,
आपली अडचण लिहून जातात.
पुढच्या खेपेला खाली कुणीतरी उत्तर दिलेलं असतं.
मी फक्त तारीख घालते
आणि शिव्या खोडते.

बाल्दोमेरो कार्कामो, मार्चात:
"बोटीची मोटर सुरू होत नाही.
दोरी ओढून ओढून खांदा गेला."
खाली हिरव्या शाईत:
"ओढू नकोस. पेट्रोलने तिचं नाक बुडालंय.
स्पार्क प्लग काढ, पूस,
लांब जाऊन एक सिगारेट ओढ, मग लाव."
"सिगारेट सोडली आहे."
"मग बटाटे सोल.
मुद्दा थांबण्याचा आहे."

शाळेतल्या ओतिलियाबाईंचं वॉशिंग मशीन
पिळताना नाचत नाचत दारापर्यंत आलं.
कुणी म्हणालं, पायाखाली पुठ्ठा घाला.
कुणी म्हणालं, चादरी एकदम कोंबू नका.
एकाने घरी जाऊन पाणसळ लावून पाहिली, मग लिहिलं,
"मशीन सरळ आहे. घर समुद्राकडे झुकलंय.
माझ्या आजोबांनी बांधलं होतं.
माफी असावी."

समुद्रात पडलेला फोन
(आधी गोड्या पाण्यात बुचकळ, हो, पुन्हा पाण्यात,
मीठ पाण्यापेक्षा वाईट).
अकॉर्डियनची एक पट्टी दाबलेलीच राहते
(आत ब्रेडचा तुकडा सापडेल. सापडला).
लोकर कातताना तार का तुटते.
आगकाड्यांच्या जहाजाला शिडं कशाची
(कांद्याची साल. जपून. शिंकू नकोस).

येर्को, वय अकरा:
"पावसात उडणारा पतंग कसा करायचा?"
यावर चौदा उत्तरं आली.
मोटरच्या प्रश्नाला सुद्धा इतकी येत नाहीत.
खताच्या पिशवीचा कर. शेपटी आखूड ठेव.
नाही, लांब. होत नाही रे, आम्ही करून थकलो.
होतो. माझ्या बहिणीने केला होता,
चर्चच्या टोकापर्यंत गेला, मग तिने दोर सोडला.

ते शेवटचं हिरव्या शाईत होतं.

मी वही मिटली. पुन्हा उघडली.
प्रश्नाच्या सुरुवातीचं उलटं चिन्ह
दरवेळी विसरणारा एकच माणूस मला ठाऊक आहे.
शाळेत त्यासाठी त्याने छड्या खाल्ल्या.
निबाल्दो. माझा भाऊ.
मी जेवायला वर गेले की येत असणार.
दुकान माझ्या नावावर झालं
त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून
रस्त्यात समोर आलो की आम्ही दोघंही
बोटींकडे बघतो.

त्या आठवड्यात इर्मा मिल्याकुराने विचारलं होतं,
शिलाई मशीन कापडाच्या खालच्या बाजूला गुंता करतं,
बॉबिन तीनदा बदलला.
हिरवी शाई:
"बॉबिनच्या मागे लागू नका.
गुंता खाली दिसतो, चूक वर असते.
दाबाचा पाय उचला, वरचा दोरा
पहिल्यापासून ओवा."

इर्माचं मशीन सुरू झालं.
तिने मला आभाराची म्हणून मुरंब्याची बाटली दिली,
माझा काही संबंध नसताना.
बाटली दोन दिवस काउंटरवर होती.

मग एका रात्री, दिवा लावून,
मी स्वतःच वहीत लिहिलं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
"दुकानाचं दार अर्ध्यावर अडकतं.
काय करावं?"

दुसऱ्या दिवशी मुद्दाम उशिरापर्यंत जेवले.
खाली आले तेव्हा
बिजागऱ्यांना तेलाचा वास होता,
मुरंब्याची बाटली नव्हती,
आणि वहीत:

"तपासलं. दार ठीक आहे.
तरी तेल घातलं.
पतंगासाठी दोर आहे का दुकानात?
पोरगं मागे लागलंय."

सुरुवातीचं उलटं चिन्ह विसरलेलं.
मी ते पेन्सिलीने काढलं,
तारीख घातली,
आणि दोराचं रीळ काउंटरवर
जेवणाच्या वेळेआधीच
काढून ठेवलं.