निरीक्षे

तालुक्याच्या कचेरीतून फॉर्म आले, कानडीत.
शेवटचा रकाना : पोषकर निरीक्षे.
पोषकर म्हणजे पालकांची, एवढं येतं मला.
निरीक्षेपाशी दरवर्षी अडखळते,
मराठी जीभ आधी निरीक्षणाकडं वळते,
मग आठवतं : अपेक्षा.
दहावीला किती टक्के पडावेत असं वाटतं.

शनिवारी, वडगावची आमची शाळा सुटल्यावर
किल्लेकर आले. उद्यमबागेत फाउंड्री,
गाडी फाटकात चालूच ठेवलेली.
उभ्यानंच लिहिलं : नव्वद.
सहामाहीला गणितात अडतीस आहेत, मी म्हटलं.
"ते होतंय ओ बाई. टिळकवाडीत क्लास लावलाय,
नाही जमलं तर दुसरा लावू."
नव्वदच्या खाली रेघ ओढली, दोनदा.

वैजयंता भातकांडेची आई उशिरा आली.
केसांत सुताची कुसळं,
आणि बोलणं मोठ्यानं,
माग अजून शेजारीच खडखडत असल्यासारखं.
"पास झाली की पुरे."
गणितात एक्क्याऐंशी आहेत तिला.
"होय?"
आणि ओशाळली,
पोरीनं कुणाचं काही न विचारता आणल्यागत.
लिहिलं : पस्तीस.

मला राग आला, खोटं कशाला सांगू.
एक्क्याऐंशीच्या पोरीला पस्तीस.

दारापर्यंत जाऊन ती परत फिरली.
"सायन्स घेतली तर किती लागतंय ओ?"
मी सांगितलं. पीयूची फी, क्लास, बसचा पास.
ती बोटांवर मोजू लागली,
रुपये नव्हे, साड्या.
आठवड्याला इतक्या,
लाईट गेली तर तेवढ्या नाहीत,
धाकटा आठवीत, त्याच्या वेगळ्या.
दुसऱ्या हाताच्या करंगळीशी थांबली.
"असू दे पस्तीसच.
आणि मी विचारलं म्हणून तिला सांगू नका.
मनात धरून बसते पोरगी."

रात्री घरी माझ्या लेकाच्या शाळेचा फॉर्म.
तिथंही तोच रकाना, इंग्रजीत.
पंचाण्णव लिहून टोपण लावलं,
मग लक्षात आलं
यंदाचं त्याचं प्रगतिपुस्तक
मी अजून उघडलेलंच नाही.

सोमवारी गठ्ठा नंबरवार लावायला
सवयीनं वैजयंताकडं दिला.
कानडी तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं.
बाकावर बसून ती एकेक फॉर्म उलटत होती,
मधे एकदा हात थांबला.
मी खडू शोधत राहिले.
सांगायचं होतं ते सांगायचं नव्हतं.

अठ्ठावीस आणि तिसाच्या मधे
तिनं आपला कागद सरकवला,
गठ्ठा टेबलावर उभा धरून आपटला,
कडा जुळेपर्यंत,
आणि विचारलं,
"बाई, कचेरीत आज द्यायचे?"