सातवी पट्टी

पाषाणच्या प्रयोगशाळेत त्याला नुसतं ‘सत्तर’ म्हणतात.
पूर्ण नाव लांबलचक, आकडा वजनावरून पडलेला.
काम एकच: पेशीत विष शिरलं, ताप चढला,
की ज्या प्रथिनांची घडी मोडते
त्यांना धरायचं, झटकायचं
आणि होती तशी घडी घालून द्यायची.

मला हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.
भोसरीच्या खोलीत रात्री दहाला
आई हेच करायची बाबांच्या खाकी शर्टाचं.
बाह्या पिवळ्या, शिंतोड्यांनी चाळण झालेल्या,
तरी कॉलरला कॉलर जुळवून
तळहाताची इस्त्री.

आडनाव काळोखे, काम चकाकी देण्याचं.
मोटरसायकलची हँडलं, नळाच्या तोट्या,
दवाखान्यातल्या खाटांचे कठडे
बावीस वर्षं बाबांनी हौदात बुडवून वर काढले,
लख्ख.
हौदावर नारिंगी वाफ.
नाकातल्या पडद्याला भोक पडलं
तेव्हा ते आम्हाला जादू करून दाखवायचे:
या नाकपुडीतून दोरा आत, त्या नाकपुडीतून बाहेर.
आम्ही टाळ्या वाजवायचो.
आई तेवढी उठून आत जायची.

उंदराचं काळीज चण्यामण्या बोराएवढं.
काळीज म्हणू नकोस, बापट मॅडम म्हणतात,
खाटकाला विचार, काळीज म्हणजे यकृत.
हृदय म्हण.
मी वहीत हृदय लिहिते, बर्फावर ठेवते, वाटते,
जेलीतून पळवते.
रात्री फिल्मवर पट्ट्या उमटतात.

पहिली: साधं पाणी प्यालेले उंदीर.
फिकट. सत्तरला फारसं कामच नाही.
चौथी: पाण्यात क्रोम, दोन आठवडे.
मतदानाच्या शाईसारखी काळीकुट्ट.
सत्तर धावतोय, दोन-दोन पाळ्या करतोय,
हृदय सावरून धरतोय.
सातवी: सहा महिने.
पुन्हा फिकट.
शेजारी ठेवली तर पहिलीची जुळी बहीण.

नवखा माणूस म्हणेल, आलं की ताळ्यावर.

मीही म्हणाले असते.
पण मी ती हृदयं हातात घेतली होती.
पिशवीसारखी सैल.
फिकट दोन प्रकारचं असतं:
एक, कुणी हाक मारली नाही म्हणून गप्प,
आणि एक, हाका ऐकूनही
उठवत नाही म्हणून.

बाबा हल्ली कशावरून चिडत नाहीत.
पूर्वी गॅसची टाकी खांद्यावर घेऊन तीन जिने चढायचे,
नळाला पाणी नाही आलं तर अख्खी चाळ डोक्यावर घ्यायचे.
आता दारात खुर्ची टाकून बसतात.
सरडेकाकू म्हणाल्या, स्वभाव निवळला हो तुमच्याकडच्यांचा.
आईने मान हलवली. मी चपलांकडे बघत राहिले.

उंदरावरून माणसाचं सांगता येत नाही.
हे वाक्य माझंच आहे,
अहवालात, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात.
मॅडमनी त्याखाली बरोबरची खूण केली आहे,
आणि वर समासात:
सातवी इतकी फिकी कशी? परत करून बघ.

मी परत केली.
मंगळवारी, मग गुरुवारी.
शुक्रवारी केली नाही,
शुक्रवारी बाबांना पिंपरीला ॲडमिट केलं.

फॉर्म भरायला मी होते.
तंबाखू? नाही. दारू? नाही.
‘सुपारीचं खांडसुद्धा नाही,’ बाबा पलीकडून, ऐटीत.
गोड? आईवडिलांना हृदयविकार?
प्रत्येक प्रश्नाला चौकट होती.
बावीस वर्षं कुठल्या हौदाशी उभे होतात
याला नव्हती.
मी कडेला, शिक्क्याच्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं.
नर्सने त्यावरच शिक्का मारला.

खाटेवर बाबांच्या छातीला वायरी.
पडद्यावरची रेघ मला वाचता येत नाही,
मला फक्त पट्ट्या येतात.
त्यांनी डोळे उघडले, कठड्यावर नख घासलं,
नखाशी निघालेली चंदेरी साल उजेडात धरली.
‘आपल्याकडचा नाही हा,’ म्हणाले.
‘थर पातळ ठेवलाय.
खाली गंज आहे, बघ.’