डिझेलची वही

आमच्या बोलेरोची एक वही आहे.
तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये.
दिनानाथ गाडी चालवतो,
भागाकार मी करते.

मागच्या मार्चमध्ये त्यानं एक लाल फिल्टर आणला,
चार हजार सहाशेचा, खोक्यावर चित्ता.
कागदाचा नाही, कापसाचा.
धुवा, तेल लावा, परत बसवा, जन्मभर.
दुकानदार म्हणाला होता,
इंजिन मोकळा श्वास घेईल,
लिटरमागे दीड किलोमीटर जास्त.

श्वास कशाचा? मी विचारलं.
गाडी कोराडीच्या कंत्राटावर,
पुढे राखेचा टँकर, मागे राखेचा टँकर,
मधे आपण काच चढवून.
मेमध्ये मी कोपऱ्यावर दही आणायला जाते
तरी दुपट्टा डोळ्यांपर्यंत बांधून.
त्याचं विणकाम जरा विरळ असतं तर बरं,
असं मला कधी वाटलं नाही.

गाडीचा आवाज मात्र बदलला.
घसा खाकरून बसलेल्या माणसासारखा भारदस्त झाला.
"पाय, कशी खेचते!"
दिनानाथ कानानं गाडी चालवतो.
वही बहिरी.

एप्रिल: चौदा पूर्णांक एक.
मे: तेरा पूर्णांक आठ, एसीमुळे.
जून: चौदा पूर्णांक दोन.
मागची पानं उलटली, कागदी फिल्टरची,
तिथंही हेच आकडे, याच क्रमानं,
जणू कोणी नकलून ठेवलेले.
ते दीड किलोमीटर
मानकापूरच्या सिग्नलला उतरून गेले असावेत.

"तुया भागाकार चुकला असन."
मी पुन्हा केला.
उत्तर तेच आलं, फक्त भाजी निवली.

मग हेडाऊ मिस्त्री.
त्यांनी बॉनेट उघडलं, क्लिप सोडली,
आणि फिल्टरच्या पलीकडच्या नळीत
करंगळी फिरवून माझ्यासमोर धरली.
करडं, मऊ,
अंगाऱ्याच्या पुडीत असतं तसं.
"अलीकडची धूळ चालते, वहिनी.
हे पलीकडची आहे."

दिनानाथ म्हणाला, पण कागदी तर
दोन महिन्यांत काळाकुट्ट व्हायचा,
हा बघा किती स्वच्छ निघाला.
मिस्त्री हसले नाहीत.
"कायाकुट्ट म्हंजे पकडून राह्यला ना भाऊ.
याच्यातून गेलं, म्हून हा सोच्छ."

डिझेलचं विचारलं.
"जुन्या कार्बोरेटरच्या गाडीले फरक पडे.
याले मयक्या फिल्टरनं काई होत नाई,
अगदीच चोंदला तर दम कमी पडन.
तुमी उगाच खोलून खोलून
कंप्रेसरची हवा मारता, त्यानं कागद फाटते."

आणि झीज? किती झाली असेल आत?
त्यांनी करंगळी कापडाला पुसली.
"ते आज नाई समजत.
लाखभर चालली का मंग समजन.
ऑइल खाऊ लागन, धूर निया पडन.
नाईबी पडणार, कोणाले मालूम."

कागदी फिल्टर सहाशे चाळीसला पडला.
घरी येताना दिनानाथ गप्प होता,
गाडीही.
त्याला तो आवाज आवडला होता,
हे मला तेव्हा कळलं,
आणि जिंकल्यासारखं वाटायचं ते वाटलं नाही.

रात्री वही काढली.
इतकी वर्षं मी या पानांवर
दुकानदारांना, पंपवाल्यांना, नवऱ्याला पकडत आले,
दशांश चिन्हापर्यंत.
पण चार महिने जे बारीक बारीक आत गेलं
त्याची एका पैशाचीही नोंद नाही.
पट्टी घेऊन उजवीकडे एक रकाना आखला.
वर काय लिहायचं ते सुचेना.

लाल फिल्टर धुऊन गॅलरीत ठेवलाय.
वाळला केव्हाच.
जन्मभराचा आहे.