बदलल्याची तारीख

सुजित भुवड फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर बसतो.
दुपारची बोट धोपाव्याला सुटली की तासभर
दाभोळातले आजारी कॉम्प्युटर बघतो.
म्हणाला, काका, तुमचं मेल जुन्या वाटेनं येतं,
ती वाट या महिन्याअखेर बंद. सेटिंग बदलून देऊ?
बदललं. मेल आलं धडाधड,
एकेक तीन-तीनदा.
पत्त्यांचं पान उघडलं तर
कोरं.
मधोमध एक सभ्य वाक्य : दाखवण्यासारखं काही नाही.

एकतीस वर्षं मी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो.
माणसं मला चेहऱ्यानं नव्हती ठाऊक, बोटानं होती.
चितगावचा मोईन डॅश जरा जास्त ओढायचा,
जेवण झाल्यावर तर फारच.
पिरेयसची ती बाई : टिक टिक टिक, चुलीवर दूध ठेवून आल्यासारखी.
पुढे मोर्स बंद झालं. सगळे आपापल्या घरी गेले,
नातवंडं झाली, गुडघे गेले, ईमेल आले.
दोनशे चौऱ्याण्णव जण.

काका, पाठ आहेत का कुणाचे?
कॉल साइन पाठ आहेत, म्हटलं. एडनचं सांगू?
त्यानं मान खाली घातली. चूक माझी नव्हती तशी त्याचीही नव्हती,
पण सलमानं ठेवलेल्या सांदणाला त्यानं हात लावला नाही.

मग लपवलेले फोल्डर दिसतील अशी खूण केली,
आणि दिसले,
ओहोटीला खडक दिसतात तसे, काळे, एकदम बरेच.
एकाचं नाव नुसती अक्षरं नि आकडे,
अंधारात हाक मारणाऱ्या परक्या बोटीसारखं.
आत एक फाइल. बदलल्याची तारीख :
अकरा फेब्रुवारी, परारसाली.

लाइट गेली.
बर्फाच्या कारखान्याचा जनरेटर सुरू झाला, आमचा नाही.
आम्ही दोघं पाऊण तास काळ्या पडद्यात
एकमेकांची तोंडं बघत बसलो.

आले. खालून वर सरकत आले सगळे.
ज्यांच्या अक्षरांवर टिंबं होती
त्या नॉर्वेवाल्यांच्या नावात प्रश्नचिन्हं घेऊन आले.
कोस्टास आला, जो मागच्या पावसात गेला,
ज्याला मी स्वतः पुसलं होतं, बिस्मिल्ला म्हणून.
आणि हमदुल्यांचा बशीर. माझा मेहुणा.
बोटीच्या इंजिनातल्या चार आणे हिश्शावरून
ज्याला काढून टाकताना यंत्रानं विचारलं होतं, खात्री आहे?
आणि मी होय म्हटलं होतं. जरा मोठ्यानंच.

अकरा फेब्रुवारीनंतरची माणसं मात्र नाहीत.
फातिमाचा सलालाहचा नवा पत्ता फोनवर विचारता येईल.
चिपळूणचे डोळ्यांचे डॉक्टर पाटीवर सापडतील.
पण शृंगारतळीचा तो पोरगा,
ज्यानं फेरीत माझ्या शेजारी बसून विचारलं,
आजोबा, मोर्समध्ये माझं नाव कसं वाजतं?
मी रेलिंगवर वाजवून दाखवलं होतं.
नाव ओजस. तेवढंच.
तीन डॅश, मग डॉट आणि तीन डॅश, मग तीन डॉट.
आडनाव काय, पत्त्यात ते पुढं होतं की मागं?
टेबलावर बोट तेवढं वाजवतं, पुढं जात नाही.

सुजितची बोट परत लागली होती, भोंगा झाला.
जाता जाता म्हणाला, कुणालातरी एक मेल टाकून बघा,
विषयात नुसतं ‘चाचणी’ लिहा.
सांदण त्यानं कागदात बांधून घेतलं.

मी यादी वर नेली, खाली आणली.
मेलेल्याला चाचणी पाठवणं बरं नाही.
बशीरला लिहिलं : सेटिंग बदललं आहे. पोचलं तर कळव.
इंजिनाचं काही लिहिलं नाही.

भिंतीवर जहाजाचं घड्याळ आहे, ब्रेकर्समधून घेतलेलं,
पंधरा आणि पंचेचाळीसच्या पुढं तीन-तीन मिनिटं तांबडी रंगवलेली.
त्या तीन मिनिटांत कुणीही बोलायचं नसतं.
जगातल्या साऱ्या बोटींनी नुसतं ऐकायचं,
न जाणो, कुणी बुडत असेल.

पाच पंचेचाळीस. कीबोर्डवरून हात उचलले.
सलमा आतून काहीतरी विचारत होती.